लायबेरिया: झालं गेलं विसरा म्हणणारे आणि विसरू न शकणारे

२७ जून २०२५ ला पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात, झ्वेड्रू गावात सॅम्युअल डो या माजी राष्ट्राध्यक्षाचा सरकारी इतमामात दफनविधी झाला. माणूस मेला १९९० मध्ये, त्याचा मृतदेह आजतागायत कुणाला सापडलेला नाही, त्यामुळं हा सगळा विधी प्रतीकात्मकच. आणि मग चारच दिवसांनी, १ जुलैला, विल्यम टॉल्बर्ट या दुसऱ्या राष्ट्राध्यक्षाचा तसाच प्रतीकात्मक दफनविधी. आता गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की या टॉल्बर्टना एप्रिल १९८० मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात घुसून ठार मारलं ते डोच्याच माणसांनी, आणि दहा दिवसांत त्यांच्या सरकारमधल्या १३ जणांना समुद्रकिनाऱ्यावर खांबांना बांधून गोळ्या घातल्या. म्हणजे मारणारा आणि मरणारा, दोघांनाही एकाच आठवड्यात देशाचा मान. आणि हे घडवून आणणारे आजचे राष्ट्राध्यक्ष जोसेफ बोआकाई, ते स्वतः ऐंशीच्या दशकात डोच्या सरकारात शेतीमंत्री होते. लगेच पुढं जुलैमध्येच त्यांनी यादवी युद्धात पोळलेल्या लोकांची देशाच्या वतीनं जाहीर माफी मागितली.

ही बातमी वाचली तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया "हे काय नाटक" अशीच होती, पण लायबेरियाबद्दल मी बरीच वर्षं जमेल तसं वाचत आलोय आणि जितकं वाचतो तितकं लक्षात येतं की तिथं शांतता टिकली ती अशाच अर्धवट, ओढूनताणून केलेल्या, कधीकधी चीड आणणाऱ्या तडजोडींवर. आणि टिकली हे खरंय. २००३ नंतर तिथं परत युद्ध झालेलं नाही. ही छोटी गोष्ट नाही हो, कारण त्याआधीची चौदा वर्षं बघितली तर कुणी पैज लावली नसती.

थोडक्यात मागचं सांगतो. अमेरिकेतून मुक्त झालेल्या काळ्या लोकांना एकोणिसाव्या शतकात या किनाऱ्यावर आणून वसवलं, १८४७ मध्ये त्यांनी देश जाहीर केला आणि देशाचं ब्रीदवाक्य ठेवलं, स्वातंत्र्याच्या ओढीनं आम्हाला इथं आणलं. आता तिथं आधीपासून राहणाऱ्या सोळा जमातींनी या वाक्याचं काय करायचं? त्यांना कुणी आणलं नव्हतं, ते तिथंच होते. त्यांना स्वतःच्याच भूमीत नागरिकत्व मिळायला १९०४ उजाडलं. बाहेरून आलेल्यांचे वंशज लोकसंख्येत मूठभर, पण एकाच पक्षाच्या जोरावर १९८० पर्यंत सगळी सत्ता त्यांच्याकडं. मग डो, क्रान जमातीचा साधा सार्जंट, बंड करतो आणि लोक रस्त्यावर नाचतात. पण आपला माणूस आला म्हणून आपले दिवस आले असं कधी होतं का. डोनं क्रान लोकांना पुढं केलं, १९८५ ची निवडणूक हडपली, त्याच वर्षी बंडाचा एक प्रयत्न फसला आणि त्याचा सूड निंबा भागातल्या गिओ आणि मानो लोकांवर निघाला. त्यामुळं २४ डिसेंबर १९८९ ला चार्ल्स टेलर हा बंडखोर आयव्हरी कोस्टकडून थोडी माणसं घेऊन निंबात शिरला तेव्हा त्याला लढणारी पोरं शोधावी लागली नाहीत, डोनं ती आधीच तयार करून ठेवली होती.

पुढं जे झालं ते सगळं लिहीत बसत नाही. एकच सांगतो, २९ जुलै १९९० च्या रात्री राजधानी मनरोव्हियातल्या सेंट पीटर्स लुथरन चर्चमध्ये आसऱ्याला आलेल्या सुमारे ६०० माणसांना डोच्या सैनिकांनी मारलं, बायकापोरांसकट. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डो स्वतः प्रिन्स जॉन्सन या दुसऱ्या बंडखोराच्या हाती लागला आणि जॉन्सननं त्याचे हाल करतानाचं शूटिंग केलं, ती कॅसेट आख्ख्या पश्चिम आफ्रिकेत फिरली, बिअर पीत बसलेला जॉन्सन आणि समोर तो. हे नाव लक्षात ठेवा, पुढं परत येणारे. दोन युद्धांत मिळून अडीच लाखाच्या आसपास माणसं गेली असं मानतात, आणि देश तीसेक लाखांचा.

मधे १९९७ ला निवडणूक झाली आणि टेलर ७५ टक्के मतांनी जिंकला. पोरं घोषणा देत फिरायची, यानं माझी आई मारली, यानं माझा बाप मारला, तरी मत यालाच. बाहेरच्या लोकांना हे वेड लागल्यासारखं वाटलं. मला नाही वाटत वेड. हरला तर परत बंदूक उचलेल ही खात्री असलेल्या माणसाला मत देणं हा त्या लोकांचा साधा हिशोब होता, फक्त तो चुकला, कारण टेलर जिंकूनही दोन वर्षांत युद्ध परत सुरू झालं.

आता मला ज्याबद्दल खरं लिहायचं होतं ते. २००३ च्या सुरुवातीला टेलरच्या विरोधातले बंडखोर मनरोव्हियाच्या जवळ येत चालले होते, शहर निर्वासितांच्या छावण्यांतून आलेल्या लोकांनी गच्च भरलेलं, आणि अशा वेळी बायका उठल्या. लेमा ग्बोवी ही लुथरन चर्चच्या एका प्रकल्पात बालसैनिकांबरोबर काम करणारी, तिशीच्या आसपासची आणि पोराबाळांची आई. तिच्यासोबत ख्रिश्चन बायका, आणि पोलीस खात्यातल्या असाटू केनेथ यांनी जमवलेल्या मुस्लिम बायका. सुरुवातीला दोन्हीकडं कुरकुर होतीच, यांच्याबरोबर कसं बसायचं वगैरे. पण बंदुकीची गोळी धर्म विचारत नाही हे तिथं कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. पांढरे टीशर्ट, डोक्याला पांढरी फडकी, अंगावर दागिना नाही, आणि जागा निवडली ती मासळी बाजाराजवळचं मैदान. तीच का, तर टेलरच्या गाड्यांचा ताफा रोज त्याच रस्त्यानं जायचा यायचा. म्हणजे त्याला रोज दिसणारच, डोळे मिटून घेतले तरच सुटका.

त्या उन्हात बसल्या, पावसात बसल्या, गाणी म्हटली, प्रार्थना केल्या. नवऱ्यांना जवळ येऊ न देण्याचा संप पुकारला त्याची जगभर बातमी झाली आणि अजूनही कुणी लायबेरियाचा विषय काढला की आधी तेच निघतं. ग्बोवीनं नंतर स्वतः सांगितलंय की त्या संपाचा प्रत्यक्ष फार उपयोग झाला नाही, फक्त पत्रकार आले. मला तर वाटतं त्या संपामुळं बाकीचं काम झाकलं गेलं. रोज कुणीतरी उठून मैदानावर जाऊन बसायचं हे खरं काम, त्यात बातमी काहीच नाही. शेवटी २३ एप्रिलला टेलरला त्यांना भेटावंच लागलं आणि ग्बोवीनं त्याच्यासमोर निवेदन वाचलं. आम्ही युद्धाला कंटाळलोय, पळून पळून दमलोय, असं. त्यानंतर टेलर बोलणी करायला तयार झाला आणि बायकांमधल्या काहीजणी बंडखोरांच्या पुढाऱ्यांनाही जाऊन भेटून आल्या.

बोलणी घानामध्ये, ४ जूनला सुरू. पहिल्याच दिवशी शेजारच्या सिएरा लिओनच्या विशेष न्यायालयानं टेलरवरचं आरोपपत्र उघड केलं आणि टेलर विमानानं घरी परत. बाकीचे गट घानाच्या राजधानीत, आक्राला, हॉटेलात बसून कोणाला कुठलं मंत्रिपद, कुठलं महामंडळ, बंदर कुणाचं, याच्यावर आठवडेच्या आठवडे घोळ घालत राहिले. खायला प्यायला मिळतंय, एसी चालू आहे, कशाला घाई! आणि तिकडं जुलैमध्ये मनरोव्हियावर तोफगोळे पडतायत, लोक अमेरिकन दूतावासाच्या दारात प्रेतं आणून रचतायत, की बघा.

तेव्हा ग्बोवी आणि सोबतच्या दोनेकशे बायका त्या सभागृहात गेल्या आणि दारासमोरच्या कॉरिडॉरमध्ये हातात हात अडकवून बसल्या. करार झाल्याशिवाय आतला एकही माणूस बाहेर येणार नाही, जेवायलाही नाही. सुरक्षारक्षक आले, न्यायाच्या कामात अडथळा आणल्याबद्दल अटक करतो म्हणाले. न्याय हा शब्द ऐकल्यावर ग्बोवीची सटकली. तिनं डोक्याचं फडकं सोडलं आणि अंगावरचे कपडे उतरवायला लागली, मी तुमचं काम सोपं करते म्हणून. आईच्या वयाच्या बाईनं मुद्दाम अंगावरचे कपडे टाकणं हा त्या भागात शाप, बघणाऱ्याचं वाटोळं होतं असं मानतात. रक्षक मागं सरले. एक पुढारी बायकांना लाथेनं बाजूला सारून बाहेर पडायला बघत होता त्याला मध्यस्थ जनरल अबुबकर यांनीच झापून आत पाठवलं, हे नायजेरियाचे माजी लष्करशहा बरं का, म्हणजे त्यांनाही पटलं होतं. करार त्या दिवशी झाला नाही, पण आतल्या लोकांचा सूर बदलला. ११ ऑगस्टला टेलरनं राजीनामा देऊन नायजेरिया गाठलं, १८ ऑगस्टला सह्या झाल्या.

बहुतेक लेख इथं संपतात. पुढची पाच-सहा वर्षं कुणी लिहीत नाही, आणि माझ्या मते देश उभा राहिला तो तिथं.

शस्त्रं गोळा करायची सुरुवातच बघा. ७ डिसेंबर २००३, मनरोव्हियाबाहेरची छावणी, संयुक्त राष्ट्रांची तयारी हजारेक लोकांची आणि येऊन थडकले कितीतरी पट, त्यातले बरेच प्यायलेले, पैसे लगेच पाहिजेत म्हणून हवेत गोळीबार आणि मग शहरात दंगल. प्रत्येकाला दोन हप्त्यांत मिळून ३०० डॉलर ठरले होते. त्यांना शांत करायला परत बायकाच गेल्या. कार्यक्रम थांबवून पुढच्या वर्षी नव्यानं सुरू करावा लागला. शेवटी नोंद झाली एक लाखाच्या वर लढवय्यांची आणि बंदुका जमा झाल्या २८ हजारांच्या आसपास. बाकीच्यांच्या हातात काय होतं मग? तर थोडी काडतुसं आणून दिली तरी नाव लागायचं, एकेका बंदुकीवर दोनतीन नावं लागली, आणि कमांडरनं आपल्या भाच्यापुतण्यांनाही रांगेत उभं केलं. घोटाळा होता, हो. पण मी त्या जागी अधिकारी असतो तर मीही डोळेझाक केली असती, कारण न लढलेल्या पोराला ३०० डॉलर गेले यापेक्षा लढलेलं पोरगं बाहेर राहिलं हे जास्त महागात पडलं असतं.

संयुक्त राष्ट्रांची फौज पंधरा हजारांची, २०१८ च्या मार्चपर्यंत राहिली. त्यात भारताची एक तुकडी होती, संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांतली पहिली संपूर्ण महिला पोलीस तुकडी, जानेवारी २००७ ते २०१६. आपल्याकडं त्याची एखादी बातमी येऊन गेली असेल तेवढीच. रात्रीची गस्त, राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचा पहारा ही कामं त्यांच्याकडं होती आणि त्या काळात लायबेरियाच्या स्वतःच्या पोलिसांत बायकांचं प्रमाण चांगलंच वाढलं.

२००५ च्या निवडणुकीआधी मतदार नोंदणीला बाजारातल्या बायका दुकान सोडून जाईनात, धंदा बुडतो, तर मैदानावर बसलेल्या या बायका त्यांच्या जागी भाजी विकायला बसल्या आणि त्यांना नोंदणीला पाठवलं. एलेन जॉन्सन सरलीफ फुटबॉलपटू जॉर्ज वियाला हरवून राष्ट्राध्यक्ष झाल्या, आफ्रिकेतली पहिली निवडून आलेली महिला राष्ट्राध्यक्ष.

आणि आता कडू भाग. सत्य आणि सलोखा आयोग नेमला गेला, त्यानं हजारो लोकांचे जबाब घेतले आणि २००९ ला अहवाल दिला. त्यात युद्धगुन्ह्यांसाठी खास न्यायालय स्थापन करा असं होतं, आणि काही लोकांना ३० वर्षं सार्वजनिक पदावर बंदी घाला अशी एक यादी होती, त्या यादीत खुद्द सरलीफ! टेलरला सुरुवातीला त्यांनी १० हजार डॉलर दिले होते हे त्यांनी आयोगासमोर कबूलही केलं होतं. पुढं सुप्रीम कोर्टानं ती बंदी घटनाबाह्य ठरवली आणि त्याच वर्षी, २०११ ला, सरलीफ आणि ग्बोवी दोघींना नोबेल मिळालं. अहवाल कपाटात गेला. आणि तो प्रिन्स जॉन्सन? २००५ मध्येच निंबातून सिनेटर म्हणून निवडून आला, आणि मरेपर्यंत म्हणजे नोव्हेंबर २०२४ पर्यंत सिनेटर. निंबाची गठ्ठा मतं त्याच्या खिशात, त्यामुळं ज्याला राष्ट्राध्यक्ष व्हायचंय तो त्याच्या दारी. २०१७ ला वियाला पाठिंबा, २०२३ ला बोआकाईला.

"झालं गेलं सोडून द्या, पुढं बघा" हे तिथं सारखं ऐकू येतं, आणि मला यातलं खटकतं ते हे की हे वाक्य बोलणारा बहुतेक वेळा ज्याच्या हातून झालं तो असतो, ज्याच्यावर झालं तो नसतो. ज्या बाईनं चर्चमध्ये घरची माणसं गमावली तिनं विसरायचं, शेजाऱ्याकडं बघून हसायचं, एकाच नळावर पाणी भरायचं, आणि त्या बदल्यात समोरच्यानं काय करायचं तर काहीच नाही. राष्ट्रीय ऐक्याचा सगळा खर्च तिच्याच नावावर! तरीही, २००३ मध्ये आधी खटले मग शांतता असा हट्ट धरला असता तर कुणी बंदूक ठेवली नसती हेही मला मान्य आहे. त्यावेळी तडजोड बरोबरच होती. माझी तक्रार पुढच्या वीस वर्षांबद्दल आहे.

कारण न्याय झालाच नाही असं नाही, तो बाहेर झाला. टेलरला २०१२ मध्ये ५० वर्षांची शिक्षा, पण ती सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांसाठी, लायबेरियातल्या एकाही माणसासाठी नाही. अमेरिकेत एका कमांडरला ३० वर्षं, ती इमिग्रेशनच्या कागदांवर खोटं बोलल्याबद्दल. स्वित्झर्लंडमध्ये २०२१ ला एकाला २० वर्षं. फिनलंडच्या एका खटल्यात तर फिनलंडचे न्यायाधीश मनरोव्हियात येऊन साक्षी नोंदवून गेले, शेवटी आरोपी सुटला. म्हणजे परदेशी न्यायालयाला तिथं येऊन बसता येतं, फक्त स्वतःच्या न्यायालयाला वेळ मिळत नाही.

गावपातळीवर मात्र काही चाललेलं आहे. पलावा हट म्हणतात तिथं, मोकळ्या भिंतींची शाकारलेली झोपडी, त्यात गावातले मोठे बसतात, ज्यानं केलं तो सगळ्यांसमोर सांगतो, माफी मागतो, भरपाई काय ते ठरतं. सरकारनंही २०१३ पासून हा कार्यक्रम हाती घेतला. घर जाळणं, जनावरं नेणं, शेत बळकावणं याला हे चालतं. खून आणि बलात्काराला नाही चालत, आणि चालवूही नये. बायकांच्या वेगळ्या शांतता झोपड्याही आहेत, मैदानावर बसणाऱ्या त्याच बायकांनी पुढं नेलेल्या, तिथं नवऱ्याच्या मारहाणीपासून भाऊबंदकीपर्यंत सगळं येतं.

बालसैनिक होते ती पोरं आता तिशी-चाळिशी ओलांडून गेलीत. काहींनी मोटरसायकली घेऊन प्रवासी न्यायला सुरुवात केली, त्या गाड्यांना तिथं पेनपेन म्हणतात, आणि युद्धानंतर इतक्या जणांना पोटाला लावलं ते कुठल्या योजनेपेक्षा या पेनपेननं जास्त असं मला वाटतं. बाकीचे मनरोव्हियात रस्त्यावर, नशेत, त्यांना झोगो म्हणून हिणवतात, कित्येकजण सेंटर स्ट्रीटवरच्या स्मशानात थडग्यांमध्ये राहतात. बघायला गेलं तर यातली कित्येक पोरं कुणीतरी पळवून नेलेली. यांचं नाव ऐक्याच्या भाषणात येत नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली ती सांगतो. नोव्हेंबर २०२३ ची निवडणूक, तेव्हा राष्ट्राध्यक्ष असलेल्या वियाला ४९.३६ टक्के, बोआकाईला ५०.६४, फरक वीस हजारांच्या आसपास मतांचा. सत्ता हातात, पोलीस हातात, आणि विया निकालाची शेवटची औपचारिकता व्हायच्या आतच रेडिओवर येऊन सांगतो की मी हरलो, बोआकाईंना फोन केलाय. वियाच्या कारभारावर टीका करण्यासारखं भरपूर आहे, पण त्या संध्याकाळी मनरोव्हियात दुकानांची शटरं पडली नाहीत ती त्याच्यामुळं. सगळं गोड झालं असंही नाही म्हणा, डिसेंबर २०२४ मध्ये सभापतीपदावरून भांडण इतकं पेटलं की संसदेच्या इमारतीला आग लागली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टात गेलं, जंगलात नाही, एवढं मी जमेच्या बाजूला धरतो.

मे २०२४ मध्ये बोआकाईंनी युद्धगुन्हे न्यायालयाची तयारी करणारं कार्यालय काढायचा आदेश काढला. त्याआधी सिनेटमध्ये या न्यायालयाच्या ठरावावर सही करणाऱ्यांत प्रिन्स जॉन्सनही होता, कशाच्या हिशोबानं ते त्याचं त्याला ठाऊक. २०२५ च्या दफनविधींपर्यंत तरी न्यायालय कागदावरच होतं, कायदा व्हायचा होता, पैसा उभा व्हायचा होता, आणि साक्षीदार दरवर्षी मरतायत, आरोपीही. चर्चमधल्या त्या रात्री तिशीत असलेला माणूस आता पासष्टीच्या पुढं आहे.

आणि न्यायालय उभं राहिलं तरी जमिनीचं आहेच. निंबात गांता गावात मांडिंगो लोक युद्धात पळाले, परत आले तर त्यांच्या घरात मानो आणि गिओ लोक राहतायत, दोघांकडं आपापली कहाणी आणि कुणाकडं धड कागद नाही. समित्या झाल्या, काहींना पैसे देऊन मिटवलं, काही तसंच आहे. २०१८ ला जमिनीचा नवा कायदा आला, गावाची पिढ्यानपिढ्यांची जमीन गावाच्या नावावर लावता येते आता, पण त्यासाठी आधी शेजारच्या गावाबरोबर हद्द ठरवून मोजणी करायची, आणि मोजणी म्हटलं की तेच जुने शेजारी परत समोरासमोर.